अंगठा गेला, सही आली; कागदाचे काय?

जुन्या खरेदीखतांवर, कर्जरोख्यांवर आणि करारनाम्यांवर अखेरीस एक ठरावीक ओळ आढळते : निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शाईचा एक गोल ठसा, त्याखाली ही ओळ आणि शेजारी कोणा लिहित्यावाचत्या माणसाची साक्ष. आपल्या शेतकऱ्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या दैन्याचा इतिहास लिहायचा झाला, तर या एका ओळीपासून तो सुरू करता येईल. म्हणूनच प्रौढ साक्षरतेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या अंगठ्याशी वैर धरले. 'अंगठाबहाद्दर' हा शब्द हिणवण्याचा झाला. अंगठ्याच्या जागी सही आली की माणूस अंधारातून उजेडात आला, असे आपण मानू लागलो. गावोगावच्या वर्गांतून पहिला धडा सहीचा आणि बऱ्याच ठिकाणी शेवटचा धडाही सहीचाच, अशी स्थिती झाली.

अंगठा गेला हे चांगलेच झाले. १९५१ साली भारतात साक्षरांचे प्रमाण अवघे १८.३३ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राचे प्रमाण ८२ टक्क्यांपुढे गेले. ३० मे २०२५ रोजी आपला शेजारी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाला. या आकड्यांमागे हजारो शिक्षकांचे आणि स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. त्यांची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मित्रहो, आकड्याला टाळी दिल्यावर एक साधा प्रश्न विचारायला हवा. जो शेतकरी, जो मेंढका, जो ऊसतोड मजूर या आकड्यात साक्षर म्हणून मोजला गेला, त्याला तो ज्या कागदावर सही करतो तो कागद वाचता येतो काय? माझे म्हणणे एवढेच आहे की, याचे उत्तर 'नाही' असेल, तर नुसती सही शिकवून आपण त्याला अर्ध्या वाटेवर सोडले आहे. आणि ही अर्धी वाट काही वेळा अंगठ्यापेक्षाही धोक्याची आहे.

कागदाचे भय जुनेच

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांचा मोठा जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. पुढे ही लाट पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खाती, दस्तऐवज बाहेर काढायचे आणि जाळायचे. जे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, पण ज्यांच्या जोरावर आपली जमीन, बैल आणि घर जाते, ते कागद त्यांनी जाळून टाकले. वाचता न येणाऱ्या माणसाने कागदाला दिलेले ते उत्तर होते.

सरकारलाही दुखण्याचे मूळ कळले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यायचे रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, सावकाराने पैशाची पावती द्यावी, हिशेब दाखवावा, अशा तरतुदी त्यात होत्या. मजकूर ज्याला वाचता येत नाही त्याला राज्याने एक वाचणारा माणूस नेमून दिला, असाच याचा अर्थ. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणे आणि आपल्या डोळ्यांनी वाचणे यांत जे अंतर आहे, ते कायद्याने कधी भरून निघत नाही. वाचून दाखवणारा कोणाच्या ओसरीवर चहा पितो, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

महात्मा फुल्यांनी हे मर्म कधीच ओळखले होते. मुलींची शाळा १८४८ साली काढून ते थांबले नाहीत. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. पुढे १८८३ साली लिहून पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात अक्षरशत्रू शेतकरी कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि कचेरीच्या दारात कसा नागवला जातो, याचे विदारक वर्णन त्यांनी केले. फुल्यांच्या लेखी विद्या हा दागिना नव्हता; ते शेतकऱ्याच्या हातातले अवजार होते. आपण मात्र त्या अवजाराचे प्रमाणपत्र केले.

मोहिमा आल्या आणि गेल्या

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न झाले नाहीत असे कोण म्हणेल? १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. १४ ते ५० वर्षे वयाच्या गावकऱ्यांना गावातल्याच शिकलेल्यांनी शिकवायचे, आणि गाव साक्षर झाला की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी ती कल्पना होती. शिक्षण हे सरकारी खात्याचे काम न राहता गावाचे काम झाले, हे या मोहिमेचे मोठेपण. पण समारंभ आटोपला, कंदील विझले आणि वाचायला पुढे काही उरले नाही. गिरवलेली अक्षरे वापरावाचून पुसली गेली आणि अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत शिकवण्याचा तो संकल्प होता. साधारण तीस शिकणाऱ्यांचे एक केंद्र आणि दहा महिन्यांचा अभ्यासक्रम असा त्याचा साचा. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. आणि अगदी अलीकडे, २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', आला. पंधरा वर्षांपुढील सर्वांना स्वयंसेवकांच्या मदतीने शिकवावे, अक्षर आणि अंक यांच्याबरोबर पैशाचा, कायद्याचा आणि मोबाइलचा व्यवहारही शिकवावा, असे या कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलेले आहे. उद्देशाला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण जे परीक्षेत मोजले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे आपण विद्यार्थी अनुभवाने जाणतो. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी, ती पार पडली की प्रमाणपत्र, आणि ९५ टक्के साक्षरता झाली की राज्य पूर्ण साक्षर. या वाटेने जाताना व्यवहाराचा कागद मागे राहिला तर नवल नाही.

सही म्हणजे संमती

सहीचा अर्थ काय, हे आपण क्षणभर नीट समजून घेऊ. अंगठ्याच्या निशाणीपुढे निदान एक शंका उभी राहते. या माणसाला वाचता येत नव्हते, मग मजकूर त्याला कोणी वाचून आणि समजावून सांगितला होता काय? न्यायालयातही हा प्रश्न निघू शकतो. सही करणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याने कागद वाचला, तो त्याला समजला आणि मगच त्याने सही केली, असे सामान्यतः धरून चालले जाते. म्हणजे आठ दिवस गिरवून आपले नाव काढायला शिकलेल्या माणसाकडून जग पूर्ण वाचणाऱ्या माणसाची जबाबदारी वसूल करते. अंगठ्याभोवती जे थोडेबहुत कुंपण होते ते गेले आणि हातात अवजार मात्र आले नाही.

याची सर्वांत मोठी झळ बायकांना लागते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने उत्तराधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती करून हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. कायदा झाला, पण त्याच्यापाठोपाठ हक्कसोडपत्राचा कागदही घराघरांत फिरू लागला. बहीण माहेरी येते, भाऊबीज होते, आणि 'एक सही लागते, ताई' म्हणून तिला तालुक्याला नेले जाते. काही जणी समजून-उमजून, माहेरचा उंबरा शाबूत राहावा म्हणून सही करतात. त्यांचा तो निर्णय. पण ज्या बहिणीला त्या कागदात काय लिहिले आहे हेच ठाऊक नाही, तिचे काय? साक्षरता वर्गात मोठ्या हौसेने गिरवलेल्या नावाचा पहिला उपयोग स्वतःची जमीन सोडून देण्यासाठी व्हावा, यापेक्षा शिक्षणाची क्रूर थट्टा कोणती?

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका वाडीवर साक्षरतेची पाहणी करीत होतो. एका मावशींनी आमच्या यादीवर सावकाश, पण ठसठशीत सही केली. आम्ही 'साक्षर' या रकान्यात खूण केली आणि उठलो. तेवढ्यात त्यांनी आतून प्लॅस्टिकची एक पिशवी आणली. तीत बँकेचे पुस्तक होते, सोसायटीची नोटीस होती, दवाखान्याचे जुने कागद होते, खतांच्या पावत्या होत्या, आणि कोणत्याशा कंपनीचे जाहिरातीचे पत्रकही होते. त्या म्हणाल्या, "बाळा, ह्यातलं ठिवायचं कुठलं आन् टाकायचं कुठलं, तेवढं सांग. टाकायचं भ्या वाटतं म्हून समदंच ठिवलंय." जाहिरातीचे पत्रकही त्यांनी चार वर्षे जपून ठेवले होते. त्या पिशवीतल्या प्रत्येक कागदाला त्या सारख्याच भीत होत्या. आमच्या रकान्यातल्या खुणेने ती भीती तिळभरही कमी झाली नव्हती.

बिऱ्हाड पाठीवर, वर्ग एका जागी

दुसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. आपले वर्ग, आपल्या याद्या आणि आपल्या परीक्षा एका जागी राहणाऱ्या माणसासाठी बेतलेल्या असतात. माणदेशातला धनगर मेंढका घ्या. पावसाळ्यात तो आपल्या माळावर असतो. दसरा-दिवाळी उलटली की घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मेंढ्या हाकीत, बायकापोरांसह वाडा निघतो. कोणी घाट उतरून कोकणपट्टीत जातो, कोणी नदीकाठच्या बागायती मुलखात. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशात घ्यायचा. रात्री वाघर लावून कळप आत घ्यायचा आणि लांडग्याच्या भीतीने एक डोळा उघडा ठेवूनच निजायचे. अशा माणसाला 'रात्री आठ ते दहा, मारुतीच्या देवळात, दहा महिने' हे वेळापत्रक काय कामाचे?

ऊसतोड कामगारांचे तेच. बीड आणि नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कोरडवाहू भागांतून गळिताच्या हंगामाला हजारो जोडपी कारखान्यांकडे निघतात. जोडप्याला 'एक कोयता' म्हणायचे, मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने राबून ती फेडायची. किती टन तोडला, कोणत्या दराने, किती कपात झाली आणि उचल फिटली की अंगावर बाकी राहिली, हे सारे मुकादमाची वही सांगते. ज्याला त्या वहीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती वाचता येत नाही.

आणि आमची परीक्षा कधी? 'उल्लास'ची चाचणी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झाली. मार्चच्या मध्यावर मेंढक्याचा वाडा मुलूखभर पांगलेला असतो आणि अनेक कोयते अजून फडावर असतात. यादीत नाव गावाला, माणूस दोनशे मैलांवर. यात कोणाचा दुष्टपणा नाही; परंतु ज्यांचे वर्ष ऋतूंवर चालते त्यांच्यासाठी काम करताना कॅलेंडर शाळेचे वापरले, तर ते गैरहजर लागणार हे उघड आहे. मग आपणच म्हणायचे, 'या लोकांना शिकण्याची आवड नाही!'

निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे

हा आवड नसल्याचा आरोप तर मुळीच टिकणारा नाही. धनगरांच्या ओव्या ज्यांनी बिरोबाच्या जत्रेत ऐकल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की, कागदाचा एक कपटाही न वापरता रात्र-रात्र चालणारी कथा या मंडळींच्या मुखी असते. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन पंडित या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी माळामाळांवर हिंडला आणि त्यांतून त्याने पश्चिम भारताच्या पशुपालक देवतांवर थोर ग्रंथ सिद्ध केला. आपल्या अभ्यासक्रमात मानाने बसलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी टिपून घेतली म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. शेकडो मेंढ्यांतून आपली नेमकी मेंढी ओळखणारा, विसाविसांच्या हिशेबाने तोंडी बेरीज-वजाबाकी करणारा मेंढका अडाणी कसा? त्याच्याकडे ज्ञान आहे, हिशेब आहे, स्मरणशक्ती तर आपल्याहून कितीतरी पट आहे. नाही ते फक्त अक्षर. आणि ज्याच्याकडे पुष्कळ काही आहे त्याला शिकवताना तो कोरी पाटी आहे असे समजून सुरुवात केली, तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. पन्नाशीच्या माणसापुढे कमळ आणि बदकाची चित्रे ठेवली की त्याला आपली मुले आठवतात आणि लाज वाटते.

ब्राझीलच्या पाउलो फ्रेअरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीस तासांत लिहायवाचायला शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्याचे रहस्य याच ठिकाणी होते. त्यांनी शिकणाऱ्यांच्याच जगण्यातले शब्द निवडले. तेथे त्या काळी निरक्षराला मताचा अधिकार नव्हता. त्यामुळे अक्षर येणे म्हणजे थेट सत्तेत वाटा मिळणे होते. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेअरे यांना आधी तुरुंगात, मग परदेशात जावे लागले. शेतमजूर आपल्या जगण्याचे शब्द वाचू लागला की काही लोकांची झोप उडते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आपल्याकडेही असे घडले आहे. आंध्र प्रदेशाच्या नेल्लोर जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या वर्गांत दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराचा पाठ वाचला गेला. बायका वाचून थांबल्या नाहीत. दुबगुंटा गावातल्या बायकांनी अरकाचा, म्हणजे देशी दारूचा, गुत्ता बंद पाडला आणि त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे १९९३ साली राज्यभर अरकबंदी करावी लागली. त्या बायकांची सही कशी होती, वळणदार की वेडीवाकडी, हे कोणी विचारले नाही. त्यांनी वाचलेला पाठ त्यांच्या घरचा होता, एवढेच पुरेसे झाले.

पहिला धडा कोणता?

मग आमच्या शेतकऱ्याचा आणि मेंढक्याचा पहिला धडा कोणता असावा? मराठी या बाबतीत मोठी सोयीची आहे. उचल, वजन, दर, रक्कम, भाव, कपात, बाकी, सातबारा, हे शब्द घ्या. यांतल्या 'उचल', 'वजन' आणि 'दर' या शब्दांना साधा कानाही नाही. 'सातबारा' हा शब्द तर नुसत्या कान्यावर चालतो. 'रक्कम' सोडला तर एकाही शब्दात जोडाक्षर नाही. कमळ-बदकाइतकेच हे शब्द वाचायला सोपे, आणि अर्थाने मात्र शंभर पटींनी जड. हे आठ शब्द आणि एक ते शंभर अंक आले की मजुराला मुकादमाची वही उघडता येते, शेतकऱ्याला बाजार समितीतली हिशेबपट्टी चाचपता येते. माल किती, भाव किती, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती आले, एवढे तो स्वतः पाहू शकतो.

दुसरा धडा सातबाऱ्याचा. गाव नमुना सातमध्ये जमिनीचा धनी कोण हे असते, नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा किंवा दुसऱ्या कोणाचा अधिकार लिहिलेला असतो. आपले नाव कोठे, बोजा कोठे, हे बोट ठेवून दाखवता येणे म्हणजे शेतकऱ्याची खरी साक्षरता. शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली तेव्हा गावोगावच्या पुरुषांनी आपल्या जमिनीचा वाटा बायकांच्या नावे करून दिला. ते नाव तिला स्वतःला वाचता यावे, यासारखा दुसरा गौरव समारंभ नाही.

तिसरा धडा औषधाच्या डब्याचा. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषाची तीव्रता सांगणारा रंग असतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही समजावे म्हणून ही योजना. पण हिरवा म्हणजे 'कमी विषारी', 'निर्धोक' नव्हे, हे कोणी सांगितलेच नाही तर हिरवा रंग पिकाला चांगला अशी समजूत व्हायला कितीसा वेळ लागतो? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागची कारणे अनेक होती आणि दोष मेलेल्यांच्या निरक्षरतेवर ढकलणे हा अन्याय होईल. तरीही डब्यावरचा मजकूर ज्याच्या जिवासाठी छापला त्याला तो वाचता यावा, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, म्हाताऱ्यांवर शक्ती कशाला घालवायची? मुलांना शाळेत घाला, पंचवीस वर्षांनी प्रश्न आपोआप सुटेल. परंतु जमीन आज जाते, उचल आज अंगावर बसते. आणि जो बाप वहीला भीत नाही त्याचाच मुलगा वाड्यामागे न जाता शाळेत टिकण्याचा संभव अधिक. घरात एकाने वाचायला लागणे, ही मुलाच्या शाळेसाठी मोठी शिफारस असते.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता मोबाइल वाचून दाखवतो, बोललेले लिहून घेतो. रेशन दुकानातही यंत्रावर अंगठाच लावायचा. मग अक्षराची गरज काय? गंमत पाहा, ज्या अंगठ्याला आपण हद्दपार केले तो यंत्राच्या काचेवरून परत आला आहे, आणि पदवीधरालाही तो लावावा लागतो. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्या त्यांचा ठसा मात्र यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाही. मोबाइल वाचून दाखवील हे खरे. पण काय वाचायचे, कोणाला काय विचारायचे आणि कोणता आकडा कोणाला सांगायचा नाही, हे यंत्र शिकवत नाही. फोनवरून आलेला गुप्त क्रमांक अनोळखी माणसाला सांगून खाते रिकामे झाल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. १८७५ सालचा रोखा निदान हातात धरता येत होता. आजचा कागद काचेच्या आत आहे. तो जाळताही येत नाही. तो वाचावाच लागेल.

आपला वाटा

आता प्रश्न आपला, महाविद्यालयाचा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती विद्यार्थ्याला समाजापुढे उभे करण्यासाठी. सात दिवसांचे शिबिर, श्रमदान, समारोपाचे भाषण आणि वार्षिकातले छायाचित्र, एवढ्यावर ती आटोपू नये. मला चार गोष्टी सुचतात.

एक : दरवर्षी नवे गाव घेण्यापेक्षा एकच गाव तीन वर्षे धरावे. गळीत आणि स्थलांतर यांचा विचार करून मुख्य वर्ग पावसाळ्यात, माणसे घरी असताना घ्यावेत. वाडा निघाला की त्यातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शिक्षक करून पाठीवर चार चोपड्या द्याव्यात.

दोन : पाठ्यपुस्तकाच्या जोडीला त्या गावचेच कागद, नावे झाकून, मोठ्या अक्षरांत छापून घ्यावेत : हिशेबपट्टी, सातबारा, बँकेचे पुस्तक, हक्कसोडपत्र, औषधाचे वेष्टन. आपल्या मराठी विभागाने कचेरीच्या जड मराठीचे सोप्या मराठीत रूपांतर करून द्यावे. अर्थशास्त्र विभागाने उचलीचा आणि व्याजाचा हिशेब शिकवावा. कला शाखेचा समाजाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर होईल.

तीन : साक्षर कोण, हे ठरवताना सहीचा नमुना घेऊ नये. माणसाच्या घरातला कोणताही एक कागद त्याच्या हाती द्यावा आणि विचारावे : हा कसला, कोणाच्या नावाचा, यात आकडा किती, आणि यावर सही करावी की नाही? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला कारणासह देता आले, तो साक्षर. 'मी यावर सही करणार नाही' असे जी बाई समजून म्हणू शकते, ती तर सुशिक्षित.

चार : शिकवण्यापूर्वी आपण शिकावे. पदवी परीक्षेच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्यापैकी किती जणांना सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना वाचता येतो? किती प्राध्यापकांनी घराच्या कर्जाचा करारनामा शेवटच्या पानापर्यंत वाचून सही केली? कागदाचे भय खेड्यापुरते नाही. ते भय ज्याने स्वतः ओलांडले, तोच दुसऱ्याचा हात धरू शकेल.

फुल्यांच्या रात्रशाळेला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तेथे दिवसभर राबून आलेली माणसे नुसते नाव गिरवायला येत नव्हती. आपल्याविषयी जे लिहिले जाते ते आपल्याला कळावे, म्हणून येत होती. त्यांच्या नातवंडांना आणि पतवंडांना आपण सही दिली. आता कागद देण्याची पाळी आहे. येत्या जूनमध्ये पाऊस पडेल, वाडे माळावर परततील, कोयते घरी आलेले असतील. वर्ग सुरू करायला ती वेळ चांगली आहे.